चोवीस सत्कार आणि अकराचा तास

आमच्याकडे कुणी काही मिळवलं की लोक पहिल्यांदा त्याचा फोटो मागतात. काय मिळवलं ते नंतर विचारतात. बहुतेक वेळा विचारतच नाहीत. पासपोर्ट साइजचा पाठवू नका, फ्लेक्सवर फुटतो, मोठा पाठवा, एवढीच काय ती चौकशी. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाच्या वर हात जोडलेली माणसं. कुणाची निवड झालेली, कुणाची फेरनिवड, कुणाचा नुसताच वाढदिवस. आपण जन्माला आलो याबद्दल गावाने आभार मानावेत अशी या लोकांची अपेक्षा असते आणि गाव ती दरवर्षी पुरी करतं.

या रस्त्यावरून मी कितीतरी वर्षं स्कूटीवर ये-जा केली. राहायला बारामतीत, शाळा इंदापूर तालुक्यात. शेळगावच्या पुढे एका फाट्यावरून आत वळलं की ते गाव लागतं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर माझ्या निषेधाचा फ्लेक्स लागेल आणि त्यासाठीही मोठा फोटो मागतील.

माझ्याबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई स्वतः धुतल्या तांदळासारखी आहे असा कुणाचा गैरसमज नको. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे, पण पंचक्रोशीत मला ओळखतात ते सूत्रसंचालनासाठी. सत्कार असो, उद्घाटन असो, सेवापूर्ती असो, 'बाईंना बोलवा' असा निरोप यायचा. माइक हातात आला की माझा आवाजच बदलतो. घरातल्यांना तो आवाज आवडत नाही. माझ्याकडे चारोळ्यांची एक वही होती, सगळ्या मी स्वतः केलेल्या आणि सगळ्या भिकार. पण लोक टाळ्या वाजवायचे, आणि टाळ्या वाजल्या की चारोळी भिकार आहे हे विसरायला होतं.

तर ती पोरगी. सहावीत होती तेव्हा. तिचे वडील गावातल्या दूध संकलन केंद्रावर कामाला होते, येणाऱ्या दुधाचं फॅट मोजायचं आणि कॉम्प्युटरवर नोंद करायची. गावाच्या व्याख्येप्रमाणे ही पोरगी हुशार नव्हतीच. गावाची व्याख्या अशी की जो मोठ्याने पाढे म्हणतो तो हुशार, जो सव्वीस जानेवारीला न अडखळता भाषण ठोकतो तो अतिहुशार. हिचं अक्षर कोंबडीच्या पायाचं. गृहपाठ अर्धाच करायची. का नाही केलास म्हटलं तर म्हणायची, "कळलं की बाई, मग परत परत कशाला लिवायचं?" या उत्तरासाठी मी तिला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं आहे.

एकदा मी सरासरी शिकवत होते. वर्गातल्या पोरांची वयं घेतली, बेरीज केली, भागाकार केला, साडेअकरा आले. फळ्यावर चौकट काढून उत्तर आत लिहिलं. हिने हात वर केला.

"बाई, साडेअकरा वर्षाचं तर वर्गात कुनीच न्हाय. मग हे वय कुनाचं?"

पोरं हसली. मीही हसले आणि म्हणाले, पुस्तकात असंच आहे, खाली बस. घरी येताना स्कूटीवर मला तो प्रश्न आठवला. इतकी वर्षं मी सरासरी शिकवत होते आणि हे वय कुणाचं हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि कपाटातलं वरच्या वर्गाचं पुस्तक दिलं. चार दिवसांनी तिने ते परत आणून दिलं. वाचून झालं म्हणाली.

त्याच सुमाराला पुण्यातल्या एका संस्थेचं पत्र आलं. ग्रामीण भागातल्या असामान्य बुद्धिमत्तेच्या मुलांसाठी दर रविवारी अकरा ते बारा ऑनलाइन वर्ग, गणित आणि विज्ञान, तेही फुकट. आधी निवड परीक्षा. आमच्या हेडसरांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "असामान्य म्हणजे कोणत्या रकान्यात धरायचं?" मी म्हटलं, रकाना नाही सर, एक मुलगी आहे, तिचं नाव पाठवू. त्यांना ते पटेना. एकच नाव कसं पाठवायचं? लोक काय म्हणतील? शेवटी त्यांनी प्रत्येक आळीतून एकेक अशी पाच नावं काढली, म्हणजे कुणाची नाराजी नको. त्यात सरपंचांचा नातू होता. सरपंचांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. बुद्धिमत्ता गावात आळीनिहाय समान वाटलेली असते हे मला त्या दिवशी कळलं.

परीक्षा बारामतीला एका कॉलेजात कॉम्प्युटरवर होती. मी तिला माझ्या स्कूटीवर नेलं. बाहेर आली तशी विचारलं, कसा गेला पेपर?

"शेवटचं गणित चुकीचं हुतं."

"तुझं चुकलं?"

"न्हाय बाई. त्यांचं."

महिन्याभराने निकाल आला. पाचातली ती एकटी निवडली गेली. आबांच्या नातवाचं नाव नव्हतं, पण आबा दिलदार माणूस. पोरगी गावचीच आहे म्हणाले आणि लगेच तिचा फोटो मागितला.

आता वर्गाला बसायचं कशावर, हा प्रश्न होता. तिच्या वडिलांकडे बटणांचा फोन. शाळेला मात्र एक टॅब मिळालेला होता. तो हेडसरांच्या कपाटात कुलपात असायचा, कारण त्याची डेडस्टॉकच्या वहीत शाळेची मालमत्ता म्हणून नोंद होती आणि तपासणीत तो धडधाकट दाखवावा लागतो. वापरला तर बिघडेल. स्क्रीनवरचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. एका दसऱ्याला कुंकू इतक्या भक्तीने वाहिलं की ते चार्जिंगच्या भोकात गेलं, आणि पुढे चार्जर नेहमी विशिष्ट कोनात धरून बसावं लागायचं. खरं म्हणजे दूध केंद्रात चांगला कॉम्प्युटर होता, नेट होतं आणि सकाळचं दूध गेलं की संध्याकाळपर्यंत तिथे माशीही नसायची. पण हेडसर म्हणाले, वर्ग शाळेतच झाला पाहिजे. शाळेत झाला तर दर रविवारी फोटो काढून शिक्षण खात्याच्या केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर टाकता येतो. दूध केंद्रात बसलेल्या मुलीचा फोटो कुठल्या उपक्रमाखाली टाकणार?

मीही गप्प बसले. टॅबवर पोरगी, मागे सरस्वतीचं चित्र, बाजूला मी, असा फोटो मलाही चांगला वाटला होता.

पहिले काही रविवार मी स्वतः गेले. पुण्याच्या मंडळींबद्दलही बोलायला हवं, सगळं शेण गावानेच खाल्लं असं नको. शिकवायला एक तरुण होता. तो दर गणितात गायी आणायचा. समजा तुमच्याकडे पाच गायी आहेत. समजा गोठ्यातून तीन गायी पळाल्या. मुलं खेड्यातली म्हणजे त्यांच्याशी गायींतूनच बोलायला हवं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. दुसऱ्या रविवारी त्याने मुलांना खिडकीतून आपलं सुंदर गाव दाखवायला सांगितलं. आमच्या खिडकीतून शाळेची मुतारी दिसत होती, ती पोरीने दाखवली.

"बाई," वर्ग संपल्यावर ती म्हणाली, "ह्यांना वाटतंय आमाला गायीबिगर काय कळतच न्हाय."

पण पुढच्या रविवारी एक म्हातारे सर आले. त्यांनी कॅमेरा स्वतःच्या तोंडावर न धरता कागदावर धरला. फक्त हात दिसायचा, शाईपेनाने लिहिणारा. त्यांनी एकही गाय आणली नाही. एक प्रश्न लिहिला आणि दहा मिनिटं गप्प बसले. दहा मिनिटं! मी आयुष्यात वर्गात सलग एक मिनिट गप्प बसलेली नाही. पोरगी टॅबकडे बघत होती, वहीकडे बघत होती, तिचे ओठ हलत होते. मग तिने माइक चालू करून उत्तर सांगितलं. कागदावरचा हात थांबला आणि आवाज आला, "हे कसं सुचलं? मी ही वाट धरली नव्हती." पोरीचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. त्यानंतर ती रविवारची वाट बघायला लागली. सोमवारी मला सरांचा नवा प्रश्न सांगायची, आणि मला तो येत नसे.

संस्थेचा एक नियम होता. तीन तास बुडले की जागा दुसऱ्या मुलाला. मला तो नियम योग्य वाटला होता. रांगेत मागे कितीतरी मुलं उभी होती.

पहिला तास बुडला तो हेडसर सांगवीला एका लग्नाला गेले म्हणून. ते गेले आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जुडग्यात गेली. पोरगी साडेदहापासून शाळेच्या पायरीवर बसून होती. दुसरा तास बुडला कारण टॅबच गावात नव्हता. तालुक्याला 'डिजिटल शाळा' असं काहीतरी प्रदर्शन होतं, त्यात आमच्या शाळेच्या टेबलावर तो ठेवला होता, शेजारी पाटी: 'विद्यार्थिनी टॅबच्या साहाय्याने ज्ञानार्जन करताना'. त्या रविवारी मी माझा फोन तिला देऊ शकले असते. पण मी पणदऱ्यात एका वाढदिवसाचं सूत्रसंचालन करत होते.

सोमवारी ती माझ्यापाशी आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "बाई, आता एकच राहिला." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, आता नाही बुडणार, मी आहे ना.

आणि मग गावाने तिचा सत्कार करायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे आधीच ठरलेलं होतं, फक्त पाहुणे मिळत नव्हते. आता तालुक्यातले एक पुढारी मिळाले, आणि त्यांना फक्त रविवारच मोकळा होता. शाळेत बैठक झाली. आबा, हेडसर, मी, पोरीचे वडील कोपऱ्यात उभे. मी म्हटलं, "आबा, रविवारी अकराला तिचा तास असतो. तो बुडाला तर जागा जाईल."

"बाई, कार्यक्रम नऊचा हाय," आबा म्हणाले. "धाला सगळं मोकळं. पोरगी अकराला आरामात बसंल की."

हेडसरांनी मान डोलावली. मीही डोलावली. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की नऊचा कार्यक्रम आमच्या गावात नऊला कधीही सुरू झालेला नाही, आणि पुढारी असले तर दहालाही नाही. पत्रिकेवर नऊ छापायचे ते लोकांनी दहाला निघावं म्हणून. हे आम्ही इतकी वर्षं करत आलो आहोत की आता आम्हालाच ते खरं वाटतं. पोरीचे वडील तेवढे एकदा म्हणाले, "पर आबा, उशीर झाला तर?" आबा हसले. मग सगळेच हसले, आणि चहा आला.

मी तिच्यासाठी खास चारोळी केली. ती इथे लिहिते, म्हणजे माझी शिक्षा पुरी होईल:

उसाच्या फडामधून उगवली ही पहाट,
गणिताच्या गावाला हिने काढली वाट!

रविवारी पावणेनऊला मांडव तयार होता. पोरगी नवा फ्रॉक घालून, टॅब मांडीवर घेऊन व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत बसली. टॅब सत्काराला शोभा म्हणून हेडसरांनीच काढून दिला होता. चार्ज केलेला होता, मी पाहिलं होतं. साडेनऊ झाले. दहा झाले. लाऊडस्पीकरवर देशभक्तीची गाणी लागली होती. तेवढ्यात आबांना फोन आला की पाहुणे भिगवणच्या अलीकडे आहेत. आता भिगवणच्या अलीकडे म्हणजे ते नुकतेच अंघोळीला गेले आहेत हे मला कळतं, पण मी माइकवरून सांगितलं, "मान्यवरांचं काही क्षणांतच आगमन होत आहे." हे वाक्य मी त्या सकाळी सहा वेळा म्हणाले.

पाहुणे पावणेअकराला आले. हार, तुतारी, दीपप्रज्वलन. वारा होता, समई तीनदा विझली. स्वागतगीत झालं. मी माझी यादी काढली आणि पहिला सत्कार पुकारायच्या तयारीत होते, तेवढ्यात पोरगी खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी आली. तिने माझ्या हातातल्या यादीवरून बोट फिरवलं.

"बाई, ह्यात चोवीस सत्कार हायत. एका सत्काराला दोन मिनिटं लागत्यात, फोटू धरून. म्हंजी अठ्ठेचाळीस मिनिटं. मग भाषनं. माझं नाव शेवटी हाय. अकरा वाजलं बाई, तास चालू झाला."

मी माइक हाताने झाकला. "मग काय करू?"

"मला आधी द्या. एकच मिनिट. नारळ घेते आन् वर्गात जाऊन बसते."

इतकं सोपं होतं. सहावीतल्या पोरीने गणित करून उत्तर माझ्या हातात दिलं होतं. मी फक्त यादीचा शेवट वर घ्यायचा होता. माइक माझ्याकडे होता, आणि त्या क्षणी मांडवात माझ्यापेक्षा जास्त अधिकार कुणालाच नव्हता, पुढाऱ्यांनाही नाही. मी नाव घेतल्याशिवाय त्यांनाही उठता येत नव्हतं.

मी आबांकडे पाहिलं. आबांनी डोळे मोठे केले आणि कुजबुजले, "येडं का खुळं? तिचा सत्कार आधी झाला तर मानसं उठून जातील. पाव्हन्यांनी काय खुर्च्यांपुढं बोलायचं?"

मी पोरीला म्हटलं, "जा, जागेवर बस. आता तुझंच नाव येतंय."

ती गेली आणि बसली. तिला माहीत होतं मी खोटं बोलते आहे, कारण यादी तिने मोजली होती.

पाहुण्यांचा सत्कार आबांच्या हस्ते. आबांचा सत्कार पाहुण्यांच्या हस्ते. उपसरपंचांचा, सोसायटीच्या चेअरमनचा, व्हाइस चेअरमनचा, माजी चेअरमनचा. केंद्रप्रमुखांचा. हेडसरांचा. मांडववाल्याचा. मध्येच कुणीतरी चिठ्ठी पाठवली की अमुक एक तात्या आले आहेत, त्यांचं नाव राहिलं, म्हणून त्यांचा. पंधराव्या सत्कारानंतर शाली संपल्या. मग व्यासपीठाच्या मागच्या बाजूने आधीच्यांच्या शाली काढून घेऊन पुन्हा पुढे आणल्या, आणि ज्यांच्या अंगावरून त्या गेल्या त्यांनाच कळलं नाही. चोविसांच्या यादीत एक नाव माझं होतं. सूत्रसंचालिका म्हणून. माझाही सत्कार झाला. मी शाल घेतली, नारळ घेतला, कॅमेऱ्याकडे पाहून हसले.

मग पाहुणे बोलले. ऑनलाइन शिक्षणाने खेडं आणि शहर यातलं अंतर कसं मिटवलं, यावर बोलले. मध्येच पोरीकडे हात करून म्हणाले, "या लेकीचा एक तास जरी बुडाला, तरी ती या गावाची जबाबदारी आहे!" प्रचंड टाळ्या. शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा बाराला पाच कमी होते. पोरीच्या मांडीवरचा टॅब मधूनमधून उजळत होता.

सव्वाबाराला तिचं नाव आलं. मी चारोळी म्हटली. तिला भारी दाद मिळाली. त्या क्षणाचा फोटो माझ्याकडे अजून आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघत आहेत, पोरगी नारळाकडे बघते आहे.

तीन दिवसांनी ईमेल आला. तो शाळेच्या पत्त्यावर, इंग्रजीत. मीच तो तिच्या वडिलांना वाचून दाखवला. तीन गैरहजेऱ्या, खेद, शुभेच्छा. "म्हंजी काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जागा गेली. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली म्हणून ते निघून गेले. मी संस्थेला पत्र लिहिलं, पानभर. त्यात वीज, रेंज, ग्रामीण भागातल्या अडचणी, सगळं घातलं. सत्कार घातला नाही. तो कसा घालणार? संस्थेकडून आधीच्याच मजकुराचं उत्तर परत आलं.

गावाला मात्र कारण लगेच सापडलं. पुण्याच्या लोकांना खेड्यातली पोरं नकोच असतात. सव्वीस जानेवारीला आबांनी झेंड्याखाली उभं राहून ग्रामीण गुणवत्तेवर होणाऱ्या अन्यायाबद्दल भाषण केलं. मुठी आवळून केलं. सूत्रसंचालन मीच करत होते. मी आबांचे आभार मानले. पोरगी सहावीच्या रांगेत उभी होती, आणि तिच्या मागे शाळेच्या कुंपणावर तिच्या निवडीबद्दल अभिनंदनाचा फ्लेक्स अजून तसाच होता. कोपऱ्यात चोवीस शुभेच्छुकांची नावं. निवड गेली तरी फ्लेक्स कुणी काढला नाही, कारण शुभेच्छुक अजून सगळे होते.

त्यानंतर ती मला नवे प्रश्न सांगायला आली नाही. गृहपाठ पुरा करून आणायला लागली. मला ते बघवत नव्हतं. सातवी झाल्यावर ती शेजारच्या गावच्या हायस्कूलला गेली आणि माझ्या समोरून नाहीशी झाली. मला वाटलं, विझली. असं मी दोन-तीन जणांना म्हणालेही, हळहळून.

पुढे हेडसर निवृत्त झाले. सेवापूर्ती सोहळा रविवारी, नऊ वाजता, दूध केंद्राच्या शेजारच्या मोकळ्या जागेत. सूत्रसंचालन अर्थातच मी. चारोळ्यांची वही मी कधीच फेकून दिली होती, पण नाही म्हणायची ताकद अजून आली नव्हती. अकरा वाजून गेले, पाहुणे भिगवणच्या अलीकडे होते. मला पाणी हवं होतं म्हणून मी दूध केंद्राकडे गेले. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत पाहिलं.

कॅनच्या रांगेमागे कॉम्प्युटरपुढे ती बसली होती. कानाला हेडफोन, समोर वही. स्क्रीनवर कागद होता आणि कागदावर एक म्हातारा हात, शाईपेन धरलेला, थांबलेला. तीही थांबली होती. तिचे ओठ हलत होते.

दाराशी स्टुलावर तिचे वडील बसले होते. मला बघून ते दचकून उभे राहिले आणि मला हाताने बाहेर थोपवलं. मी थांबले. आत ती माइकमध्ये काहीतरी बोलली, मग हसली. बऱ्याच वेळाने तिने हेडफोन काढला आणि मला पाहिलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सातवीत परत परीक्षा दिली, बाई," वडील म्हणाले. "तिनंच फारम भरला. हितं बसत्या दर रविवारी, एकबी तास बुडवला न्हाय. आता वरच्या गटात घेतलीया, म्हातारं सर शिकिवत्यात." मग हात जोडून म्हणाले, "कुठं बोलू नगा, बाई."

सातवीत. म्हणजे ती तेव्हा माझ्याच वर्गात होती. रोज माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसत होती.

"अगं, मला तरी सांगायचंस," मी म्हटलं. माझा आवाज मला जरा दुखावलेला वाटला, आणि त्याचाही राग आला.

तिने क्षणभर विचार केला. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही. गणिताचं उत्तर सांगावं तसं तिने सांगितलं.

"तुमी माइकवर सांगितलं असतं, बाई."

बाहेरून माझ्या नावाचा पुकारा झाला. पाहुणे आले होते. तिने हेडफोन परत कानाला लावला, मी शटरखालून वाकून बाहेर आले, आणि माझ्या मागे तिच्या वडिलांनी शटर आणखी हातभर खाली ओढलं.

व्यासपीठावर आबा माझीच वाट बघत होते. हेडसरांच्या कारकिर्दीतल्या ठळक गोष्टींचा कागद त्यांच्या हातात होता. माझ्याकडे झुकून म्हणाले, "बाई, ती फॅटवाल्याची पोरगी हुती बघा, पुन्यात निवड झालेली. हेडसरांच्याच काळात की. तिचं पुढं काय झालं वो? काय असंल तर हितंच नारळ देऊन टाकू तिला, घर शेजारीच हाय."

माइक चालू होता. मी तो हाताने झाकला. भिंतीपलीकडे अकराचा तास चालू होता.

"काही नाही, आबा," मी म्हटलं. "सोडलं तिने ते. जमलं नाही."

आबांनी मान हलवली. "मला वाटलंच हुतं," ते म्हणाले. "पोरींचं काय खरं नसतंय."

मी हात काढला आणि यादीतलं पहिलं नाव पुकारलं.